डबाभर खराब नाणी: ठेवायची, द्यायची की मोडीत काढायची?

आबाजी गेले तेव्हा त्यांच्या मागे एक डालड्याचा डबा राहिला. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या माळ्यावर, पितळी समईच्या मागे. उचलला तर हातातून सुटेल इतका जड. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर भरला चार किलो तीनशे ग्रॅम. घरात सगळ्यांचे डोळे चमकले. काकांनी तर डबा उघडायच्या आधीच वाटण्यांचा विषय काढला.

उघडल्यावर निघालं ते असं: ॲल्युमिनियमचे एक, दोन, तीन, पाच, दहा पैसे. गुळगुळीत झालेले तांब्याचे पाव आणे. भोकाचे पैसे. हिरवी बुरशी आल्यासारखी दिसणारी काही नाणी, कडी डागलेले दोन राणीछाप रुपये, रामदरबाराचं चित्र असलेलं एक पितळी नाणं आणि रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटं केलेलं काहीतरी. इतवारीतल्या एका जाणत्या दुकानदारानं मूठभर नाणी तळहातावर खेळवली आणि म्हणाला, "ह्याले काही भाव नाही बाप्पा. टाका कबाड्याले."

तो बराचसा बरोबर होता. पण सगळाच बरोबर नव्हता, आणि तो फरक कळायला मला पुढची तीन वर्षं लागली. नाण्यांचा नाद असलेल्या प्रत्येकाकडे असा एक डबा असतोच: विकता येत नाही, टाकवत नाही, अल्बममध्ये लावायची लाज वाटते. त्या डब्याचं काय करायचं ते इथे क्रमानं सांगतो.

सगळ्यात आधी: धुवू नका

हे पहिलंच सांगतो, कारण नव्वद टक्के लोक वाचता वाचताच उठून स्वयंपाकघरात चिंच शोधायला जातात. मीही गेलो होतो. डब्यात 1862 चा एक पाव आणा होता, व्हिक्टोरिया राणीचा, काळपट तपकिरी. अक्षरं वाचता येत होती, राणीच्या केसांच्या बटाही थोड्या दिसत होत्या. चिंचेच्या कोळात दहा मिनिटं ठेवला, नारळाच्या शेंडीनं घासला, आणि निघाला तो देवघरातल्या तांब्यासारखा लालगुलाबी. मी खूश. सीताबर्डीवर एका जुन्या संग्राहकाला दाखवायला नेला. त्यानं भिंग लावलं, थोडा वेळ पाहिलं आणि परत दिला. "राणीचे गाल घासून टाकले राजेहो तुम्ही."

तांब्यावर शंभर-दीडशे वर्षांत चढलेला तो काळपट थर हाच नाण्याचा अंगरखा असतो. तो काढला की खालचा धातू उघडा पडतो. बोटांचा घाम आणि हवा त्याला नव्यानं खायला लागतात, आणि पुढचा डाग पहिल्यापेक्षा ओंगळ येतो. चिंच, लिंबू-मीठ, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर ही सगळी भांड्यांसाठी आहेत. भांड्यावर अक्षरं नसतात. खराब नाणं आहे तसं ठेवलं तर ते खराबच राहील. घासलं तर ते खराब आणि खोटं दोन्ही दिसेल.

मांडामांड

दुपारी कूलर बंद करून बसा. हे गमतीत सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेर हाड सुकवणारी कोरडी हवा असते, पण वाळ्याच्या जाळीचा कूलर लावलेल्या खोलीत पावसाळ्याइतकी ओल भरते. तीन उन्हाळे मी अल्बम कूलरच्या झोतासमोरच्या कपाटात ठेवत होतो. पुढे काय झालं ते खाली येईलच.

खाली जुनी सुती चादर पसरा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. हात धुऊन कोरडे करा आणि नाणं नेहमी कडेनं धरा. जवळ चार गोष्टी हव्यात: लोहचुंबक (स्पीकरमधला चालेल), दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आणि एक वही. हा काटा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो, सोनाराचा मागून आणायची गरज नाही.

आता पहिली चाळण चुंबकानं. ॲल्युमिनियम, तांबं, ब्राँझ, पितळ, कॉपर-निकेल आणि चांदी चुंबकाला चिकटत नाहीत. 1988 नंतर आलेले स्टेनलेस स्टीलचे दहा, पंचवीस, पन्नास पैसे आणि 1992 पासूनचा लहान रुपया चटकन चिकटतो. इथे एक गंमत आहे. 1947 चा जॉर्ज सहावा असलेला, मागे वाघ असलेला रुपया चिकटतो, आणि लोक त्याला लोखंडाचा खोटा रुपया समजून बाजूला टाकतात. तो शुद्ध निकेलचा आहे आणि निकेल चुंबकाला धरतं. न चिकटणारा 1947 चा रुपयाच उलट संशयास्पद. पन्नास-साठच्या दशकातले निकेलचे रुपये, पन्नास पैसे आणि पंचवीस पैसेही असेच चिकटतात.

चुंबकानंतर रंगानं ढीग करा: पांढरं हलकं, पांढरं जड, लाल-तपकिरी, पिवळं. पिवळ्यात 1968 पासूनचे कमळवाले पितळी वीस पैसे येतील. आमच्या घरात समज होता की त्यात सोनं आहे. नाही. पितळच आहे.

आजारी नाणी वेगळी काढा

किंमत ठरवण्याआधी हे करा. झिजलेलं नाणं शेजारच्याला काही करत नाही. आजारी नाणं करतं.

तांब्या-ब्राँझच्या ढिगात भिंगानं पाहा. हिरवा रंग दोन तऱ्हेचा असतो. एक गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेला, नखानं न निघणारा: तो जुना थर आहे, त्याला हात लावू नका. दुसरा फिकट, पोपटीकडे झुकणारा, भुकटीसारखा, ठिपक्याठिपक्यांनी आलेला, आणि सुईनं टोकरला तर पिठासारखा गळणारा. हा ब्राँझचा रोग. मिठातलं क्लोराइड नाण्याच्या आत शिरलेलं असतं. ओल आणि हवा मिळाली की त्याची आणि तांब्याची प्रक्रिया सुरू होते, आणि ती स्वतःलाच खतपाणी घालत राहते. वरून पुसल्यानं थांबत नाही. जमिनीत पुरलेल्या, नदीतून निघालेल्या किंवा वर्षानुवर्षं घामाच्या अंगावर असलेल्या नाण्यांना हा जास्त होतो. शंका असेल तर नाणं एका छोट्या डबीत ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी (बोळ्यावर नव्हे) ठेवा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. ताजी फिकट भुकटी आली असेल तर रोग जिवंत आहे.

घरी करण्यासारखा उपाय एकच, आणि तो धीराचा आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, बॅटरीच्या दुकानात मिळतं. घेताना पाणीच घ्या, ॲसिडचा कॅन नको. नळाचं पाणी चालत नाही, त्यातच क्लोरिन असतं. असं आठवडेच्या आठवडे. मग पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डबीत. पुन्हा भुकटी आली तर पुन्हा पाण्यात. नाणं खरंच जुनं आणि महत्त्वाचं वाटत असेल तर हे प्रयोग करू नका, जाणकाराकडे न्या. बाकीच्यांना निदान वेगळी डबी द्या.

दुसरा आजार आपणच देतो. नाणं चिकट लागतं, वर हिरवट शेंबडासारखा पातळ थर असतो, वास प्लास्टिकचा येतो. हे अल्बमच्या पीव्हीसी कप्प्यांचं काम. मऊ पारदर्शक प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन असतं ते उन्हाळ्यात पाझरतं, आणि प्लास्टिक हळूहळू आम्लही सोडतं. नागपूरचे पंचेचाळीस अंश, वर कूलरची ओल: माझ्या तीन उन्हाळ्यांत पंधरा कॉपर-निकेलची नाणी अशी गेली. डबा आबाजींचा होता, ही पंधरा मात्र मी स्वतः बाजारातून निवडून आणलेली, त्यांत 1990 चा बाबासाहेबांचा रुपयाही. याला पाणी लागत नाही, शुद्ध ॲसिटोन लागतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात सुगंध, रंग आणि तेल असतं. काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतकं ॲसिटोन घ्या, झाकून काही मिनिटं ठेवा, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमधून काढा आणि न पुसता वाळू द्या. गॅलरीत बसून करा. जवळ गॅस, उदबत्ती, सिगारेट काही नको, ॲसिटोन पेट घ्यायला ठिणगी पुरते. थर निघतो, पण खाली धातू खाल्ला गेला असेल तर तो डाग कायमचा. बाबासाहेबांच्या रुपयावर कानाजवळ तसा डाग आहे.

तिसरा ढीग फारसा कुणाकडे नसतो, पण विदर्भात असू शकतो: शिसं. सातवाहनांनी शिशाची आणि पोटीनची, म्हणजे तांबं-कथिल-शिसं अशा मिश्र धातूची नाणी भरपूर पाडली. 1939 मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला पोटीनच्या सातवाहन नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. शिशाच्या नाण्यावर पांढरी भुकटी येते. ती विषारी आहे, हात धुवा, पोरांना देऊ नका. आणि अशी नाणी सागवानी कपाटात ठेवू नका; लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा शिशाला खातात. प्लास्टिकच्या चांगल्या डबीत ठेवलेली बरी.

खराब झालं ते कुठे: टांकसाळीत की बाहेर?

आता उरलेल्या प्रत्येक नाण्याला हाच प्रश्न विचारा. टांकसाळीत बिघडलेलं नाणं संग्राहक शोधत फिरतो. टांकसाळीबाहेर बिघडलेलं नाणं कुणी फिरून पाहत नाही.

रुळावर चपटं केलेलं, हातोडीनं ठोकलेलं, ॲसिडनं पातळ केलेलं, आगीत काळं पडलेलं, कडा कापलेलं: ही सगळी बाहेरची. यात आशा ठेवू नका. पण डब्यात एखादं नाणं असं निघालं की एका बाजूला चित्र नीट आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोलगट, आरशात पाहिल्यासारखं उलटं, तर थांबा. बाजारात याला 'लाखी' म्हणतात. आधी पाडलेलं नाणं साच्याला चिकटून राहिलं आणि त्याचाच ठसा पुढच्या चकतीवर उमटला की लाखी तयार होते. दोन नाणी शिकंजात दाबून लाखी बनवणारे कलाकारही आहेत. भिंगाखाली ओळखता येतं: बनावटीत सरळ बाजूचं चित्रही चपटं झालेलं असतं, खऱ्या लाखीत ते ताजं आणि उठावदार असतं. चित्र मधून सरकलेलं, अर्धी चकती कोरी राहिलेली, असं नाणंही बाजूला ठेवा. इथे मात्र चकतीची कड पूर्ण हवी. कापून अर्धं केलेलं नाणं हे सरकलेलं नाणं नव्हे.

कडी डागलेल्या रुपयांचं दुःख वेगळं. आपल्याकडे रुपयांच्या माळा होत्या, आजही गावाकडे एखाद्या आजीच्या गळ्यात दिसतात. कडी काढून, डाग घासून, भोक बुजवून असे रुपये कोरे म्हणून विकले जातात. दगडी फरशीवर हलकेच टाकून पाहा. बंदा रुपया खणखणतो, बुजवलेला ठस वाजतो. भिंगाखाली बुजवलेल्या जागेचा पोतही वेगळा दिसतो. तुमच्याकडे कडीवाला असेल तर कडी काढण्याच्या फंदात पडू नका. त्याची नाणं म्हणून किंमत गेली, दागिना म्हणून शिल्लक आहे.

ढीग 'बेकार' म्हणून बांधण्याआधी सालं आणि टांकसाळीच्या खुणा एकदा वहीत उतरवा. सालाखाली चौकट (पत्त्यांत असते तशी) म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नाही म्हणजे कोलकाता. मुंबईचा ठिपकाही असतो, जुन्या नाण्यांवर. त्यामुळे साल पाहूनच ठरवा. एकच साल एका टांकसाळीचं पोत्यानं मिळतं आणि दुसरीचं शोधावं लागतं. हे कंटाळवाणं काम आहे, मला मान्य आहे. क्रिकेटची मॅच लावून करा.

जुनं आहे म्हणून महाग नाही

1835 चा ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा हातात आला की माणसाला वाटतं, लॉटरी लागली. ते नाणं प्रचंड संख्येनं पाडलं गेलं आणि गुळगुळीत झालेले पाव आणे आजही किलोनं मिळतात. भोकाचा पैसा 1943 ते 1947 या काळातला, तोही तसाच.

त्याहून वाईट म्हणजे डब्यातला तो रामदरबार. राम-सीता, हनुमान, ओम किंवा कमळ असलेली, खाली 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि 1818, 1717 असलं साल लिहिलेली पितळी-तांब्याची गोल नाणी घराघरात आहेत. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलेलं नाही. ही अलीकडची टोकनं आहेत. तांदूळ ओढते, काच फोडते असल्या गोष्टी सांगून ती विकली जातात आणि शिकली-सवरलेली माणसं त्यात पैसे घालतात. देवघरात ठेवा, हरकत नाही. संग्रहात नको.

तसंच फोनवरचं. 'तुमच्याकडे वैष्णोदेवीचा पाच रुपयांचा शिक्का आहे? दहा लाख मिळतील, आधी नोंदणीचे हजार भरा.' रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह लावूनसुद्धा हे चालतं, म्हणून बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिला की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि असलं कमिशनही मागत नाही. आमच्या एका नातेवाइकांनी हा इशारा पैसे भरल्यानंतर वाचला.

सराफ्यात जाण्याआधी चांदीचं गणित

राणीछाप, राजाछाप रुपये झिजलेले असले तरी चांदीच्या भावानं उभे राहतात. पण सगळ्यांत चांदी सारखी नाही, आणि इतवारीच्या सराफ्यात पाय ठेवण्याआधी हे तुम्हाला माहीत हवं.

जुना रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे 10.69 ग्रॅम शुद्ध. 1940 पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली: 5.83 ग्रॅम. दिसायला दोन्ही पांढरे, वजन एकच, चांदी जवळपास अर्धी. आणि 1947 चा, वर सांगितला तो, शून्य. 1969 चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं 15 ग्रॅमचं, 80 टक्के चांदीचं. झिजलेला रुपया 11.2 भरला तर त्याच हिशोबानं 10.27 ग्रॅम धरा.

खरा की खोटा याची एक परीक्षा घरी होते. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा, काटा शून्य करा. रुपया बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा, तळाला-कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्यानं सारलेल्या पाण्याचा. 11.66 ग्रॅमच्या जुन्या चांदीच्या रुपयाचा तो साधारण 1.13 ग्रॅम येतो. कॉपर-निकेलचा किंवा जर्मन सिल्व्हरचा खोटा असेल तर 1.3 च्या आसपास. मी डब्यातले दोन्ही कडीवाले असे तपासले. कडीमुळे आकडा थोडा हलतो, पण एक 1.15 आला आणि एक 1.34. दुसरा आजीच्या माळेत साठ वर्षं मिरवला.

वितळवायला देण्याआधी साल दोनदा वाचा. 1911 चा पाचव्या जॉर्जचा रुपया, ज्यात राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि नक्षी बदलावी लागली, तो झिजलेलाही चांदीपेक्षा जास्त मोलाचा. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया तर दुर्मिळच; पण त्याची खोटी, साल बदललेली नाणी खऱ्यापेक्षा जास्त भेटतात, त्यामुळे आनंदानं उडी मारण्याआधी जाणकाराला दाखवा. 1862 चं साल असलेले रुपये पुढची बारा वर्षं त्याच सालानं पाडत होते, आणि त्यावरच्या ठिपक्यांवरून खरं वर्ष ओळखतात. आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या काळातले रुपये, मोगल बादशहाच्या नावाचे, जाडजूड, अर्धी अक्षरं चकतीबाहेर गेलेले, तर कितीही काळे-वाकडे असोत, आटवू नका. अर्धी अक्षरं जाणं हा तिथे दोष नाही, साचा चकतीपेक्षा मोठाच असे.

कुठे काय द्यायचं

चलनात असलेली झिजलेली नाणी, म्हणजे पन्नास पैसे आणि त्यावरची, सरळ बँकेत भरा. पन्नास पैसे अजून कायदेशीर आहेत, दुकानदार काहीही म्हणो. 2011 च्या नाणे कायद्यानुसार देण्याघेण्यात पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत आणि रुपया व त्यावरची हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. खात्यात भरायला रिझर्व्ह बँकेनं कमाल मर्यादा घातलेली नाही. शंभर-शंभरच्या पिशव्या करून न्या, खिडकीवरचा माणूस कमी वैतागतो. दहाच्या नाण्याचे चौदा नमुने वैध असल्याचं बँकेनं 2018 मध्ये सांगितलं, तरी अजून कुणी मान हलवतोच. मुद्दाम कापलेलं किंवा भोक पाडलेलं नाणं मात्र बँक नाकारू शकते.

पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. ती आता संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेतही बदलून मिळत नाहीत.

मग भंगार? थोडा हिशोब करू. ॲल्युमिनियमच्या एक पैशाचं वजन पाऊण ग्रॅम. किलोत साधारण तेराशे तेहतीस बसतात, म्हणजे छापील किंमत तेरा रुपये तेहतीस पैसे. कबाड्याचा ॲल्युमिनियमचा भाव याच्या कितीतरी वर असतो, त्यामुळे ही नाणी भंगार म्हणूनच त्यांच्या छापील किमतीपेक्षा महाग आहेत. तरी मी देणार नाही, कारण पुढे येतं. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आज चलनात असलेली नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं हा 2011 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रुपयाचे वॉशर, की-चेन, वॉल-क्लॉकचे आकडे असले उद्योग नकोत.

जमिनीतून काही निघालं असेल तर गोष्ट आणखी वेगळी. कुही, पवनी, नगरधनकडे शेत नांगरताना नाणी निघतात. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गाडलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये ही मर्यादा तेव्हाची, आजही तीच. आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत, अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणूनसुद्धा नाही. सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, पोरांना घेऊन एकदा जाऊन या. 1863 पासूनची जागा आहे. पण झिजलेले पाव आणे तिथे दान करायला नेऊ नका, त्यांनाही ठेवायला जागा लागते.

उरलेल्या नाण्यांचे तीन वाटेकरी. एक म्हणजे दुसरा संग्राहक. तो 'किलोचा माल' घेतो, त्यातून निवडतो. देताना खरं सांगा: घासलेलं आहे, भोक बुजवलेलं आहे, पीव्हीसीचा डाग आहे. नाणी विकणाऱ्यांचं वर्तुळ नागपुरात लहान आहे, आठवड्यात बातमी फिरते.

दुसरे वाटेकरी तुम्ही स्वतः. डब्यातली सगळ्यात वाईट वीस नाणी सरावासाठी ठेवा. चिंचेची हौस असेल तर ती यांच्यावर फेडा. चिकटलेली माती काढायला लिक्विड पॅराफिनमध्ये (औषधाच्या दुकानात मिळतं) आठवडाभर भिजवा आणि बाभळीच्या काट्यानं टोकरून पाहा. सुईनं धातूवर ओरखडा उठतो, काटा आधी स्वतः मोडतो. ॲल्युमिनियमचं नाणं धुण्याच्या सोड्यात टाकून पाहा, कसं फसफसून खाल्लं जातं ते एकदा पाहिलं की पुन्हा कधी चांगलं नाणं सोड्याजवळ नेणार नाही. रबरबँडमध्ये बांधलेली चांदी महिन्याभरात कशी काळी पडते तेही पाहून घ्या.

तिसरे वाटेकरी पोरं. दरवर्षी तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार येतात आणि बोजारा मागतात. आता सगळे दहाची नोट देतात. मी नोट देतोच, पण सोबत एक कागदी पुडीही देतो. त्यात फुलासारख्या कडेचे दहा पैसे, चौकोनी एक पैसा, षटकोनी तीन पैसे, एक भोकाचा पैसा, एक गुळगुळीत पाव आणा. शिशाचं किंवा हिरवी भुकटी आलेलं त्यात काही नसतं, ते आधीच वेगळं काढलेलं. चार किलोंतले अडीच किलो असेच गेले. गेल्या वर्षी समोरच्या बिल्डिंगमधल्या एकानं पुडी जागेवरच उघडली, तीन पैसे उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "काका, हे चालते काय?"

चालत नाही म्हटलं. मग खिशातलं चुंबक त्याच्या हातात दिलं. त्यानं पाचही नाण्यांना लावून पाहिलं, एकही चिकटलं नाही. स्वतःच्या खिशातला एक रुपया काढून लावला, तो टक्कन चिकटला. नंदी तसाच दारात ठेवून तो आमचा फ्रीज, कडी, सायकल, सगळ्याला चुंबक लावत फिरला.